सेकंदाचा हजारावा भाग

हँडबॉल संघटनेच्या निवडीच्या अर्जात अट होती: गोलरक्षकाचा चेंडू अडवतानाचा स्पष्ट फोटो जोडावा. सोफ्याला खड्डे पाडणाऱ्या त्या साहेबांना पोरींचा खेळ बघायला सवड नव्हती, त्यांना कागद हवा होता. बहीण शहराच्या हँडबॉल संघात गोल सांभाळायची. भाऊ एका स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढायचा, म्हणजे हलणाऱ्या माणसाशी त्याचा संबंधच नव्हता. हॉलमध्ये त्याच्या कॅमेऱ्यातून काढलेल्या फोटोत बहिणीच्या हातांच्या जागी नुसता धूर यायचा.

म्हणून तो जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात उभा होता.

"ही झूम घे," दुकानदाराने दंडाएवढी पांढरी लेन्स पुढे केली. "पेपरवाले हीच वापरतात."

"काका, सहा पगार जातील. मला कुठला पेपर पोसत नाही."

"मग ही पंच्याऐंशी मिलिमीटरची. झूम नाही, पुढेमागे तुलाच सरकावं लागेल. पण तुझ्या डबड्याच्या दहापट उजेड आत घेते. सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो निघेल, हात जागच्या जागी गोठतील. एका पगारात देतो, रडू नकोस." मग लेन्स पुसता पुसता तो म्हणाला, "त्या हॉलच्या ट्यूबलाइट जुन्या आहेत. सेकंदाला शंभर वेळा मंदावतात. डोळ्याला कळत नाही, पण इतक्या वेगात कॅमेऱ्याला कळतं. मधूनच एखादा फोटो काळवंडेल. बघत बसू नकोस, पुसून टाक."

"का?"

"अरे, काळा फोटो कशाला बघायचा!" तो नको तितक्या मोठ्याने हसला.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी सामना होता. पहिल्या रांगेत संघटनेचा सचिव ढेरी सोडून बसला होता. भाऊ बाजूच्या रेषेला मांडी ठोकून फोटो काढत राहिला आणि मध्यंतर होताच त्याने ते बघायला घेतले. कमाल होती! चेंडूच्या शिवणीचे टाके मोजता येत होते. हवेत ताणलेली बहीण, एकेक बोट वेगळं.

मग काळवंडलेला फोटो आला. सगळ्या पोरी जागेवर होत्या. गोल रिकामा होता.

आधीच्या फोटोत ती होती. नंतरच्यातही होती. पुढच्या काळ्या फोटोत गोल पुन्हा रिकामा, आणि उजव्या कडेला एक धूसर डाग. तिसऱ्यात डागाने अर्धी चौकट व्यापली होती. लेन्सच्या इतक्या जवळ कुणीतरी होतं, की ते नीट दिसणंच शक्य नव्हतं. डोळ्यांच्या जागी दोन खळगे तेवढे होते.

"दादा, आला का एखादा धड?" बहीण पाण्याची बाटली घेऊन शेजारी टेकली.

त्याने कॅमेरा तिच्यापुढे धरला. ती दचकली नाही.

"अच्छा, हजारावर काढतोयस होय!" ती म्हणाली. "उजेड गेला की मी जरा बाहेर येते. बाहेरून कळतं चेंडू कुठे येणार ते."

"डोकं ठिकाणावर आहे का? आणि परत?"

"जाते की परत. हल्ली वाट चटकन सापडत नाही, एवढंच. आज तुझी काच चमकताना दिसली, त्या अंदाजाने मागे फिरले." तिने घाम पुसला. "आता थांबू नकोस हं. काढत राहा."

"खेळूच नकोस. फोटो मिळालाय, चल घरी."

"समोर सचिव बसलाय. आज बाहेर बसले तर फोटो काय चाटायचाय?"

शिट्टी झाली. ती गेली.

त्याने बटणावरचं बोट उचललंच नाही असं म्हटलं तरी चालेल. शेवटच्या मिनिटाला समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. फेकणारीने हात उचलला, त्याने बटण दाबून धरलं, आणि वीसएक फोटोंनंतर कॅमेरा गपकन थांबला. लाल दिवा लुकलुकू लागला. स्वस्तातल्या कॅमेऱ्याला काढलेलं साठवायलाही दम खावा लागतो.

"चल ना मेल्या!" त्याने कॅमेऱ्यावर थाप मारली आणि मान वर केली.

चेंडू सुटला. गोलसमोर, हवेतच, कशावर तरी आपटून परत आला. हॉलभर आवाज घुमला. गोलमध्ये कुणी नव्हतं.

कुणी टाळी वाजवली नाही. सचिव तेवढा उठला. "गोलरक्षक कुठे आहे? विनापरवानगी मैदान सोडलं? लिहा, अपात्र!"

"साहेब, ती इथेच—"

"तुम्ही कोण?"

"भाऊ."

"मग घरी शिस्त शिकवा."

सचिव वहीत सही ठोकत असताना लाल दिवा विझला. भाऊ धावत मैदानात घुसला आणि रिकाम्या गोलसमोर गुडघ्यांवर बसला. कुणीतरी मागून त्याची कॉलर ओढत होतं. त्याने बटण दाबलं. उजळ फोटोत नुसतं जाळं. काळ्या फोटोत काचेला चिकटलेला डाग. "इकडे बघ! इकडे!" तो ओरडला. पुढच्या काळ्या फोटोत डाग लहान झाला होता. त्याच्या पुढच्यात आणखी लहान, आता खांदे ओळखू येत होते.

ती पाठमोरी होती. गोलकडे निघाली होती की त्याच्याही पलीकडे, ते कळायला पुढचा काळा फोटो हवा होता.

त्याने बटण दाबलं.