सर्व्हर व्यवस्थित बंद झाला

बाबांच्या कीबोर्डवरची धूळ सगळीकडे सारखी नव्हती. बहुतेक कळांवर तिचा पातळ करडा थर होता, बोट फिरवलं तर रेघ उमटेल इतका. मधल्या काही मोजक्या कळा मात्र स्वच्छ होत्या आणि एन्टरची कळ चकचकीत. आई पुसताना घाई करते, असं मी स्वतःला सांगितलं आणि कामाला लागले. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने असं काही पाहून सोडून दिलं असतं, तर मी त्याला चांगलंच सुनावलं असतं.

काम नेहमीचंच होतं. बाबांनी सकाळी चहा घेताना जाहीर केलं होतं, "परत गेलं."

"काय गेलं?"

"सगळं. लिहीत होतो, पडदा काळा झाला आणि पुन्हा पासवर्ड मागायला लागला. दीड पान गेलं."

"सेव्ह केलं नव्हतं?"

"लिहिणाऱ्याला मध्येच सेव्ह करायचं सुचत नसतं."

"गेल्या आठवड्यात दोन पानं गेली होती," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आज दीडच. सुधारणा आहे."

बाबांनी आयुष्यभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं. त्यांचं खडकांवरचं पाठ्यपुस्तक एके काळी बरंच चाललं. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्याची सुधारित आवृत्ती लिहायला घेतली आणि स्फटिकांच्या आकृत्या काढून द्यायचं मी कबूल केलं. सहावं प्रकरण झालं, आकृत्याही झाल्या. सातव्यात मात्र पुस्तक रुतून बसलं, आणि पुस्तकाबरोबर मीही. डोंगरावरच्या निरीक्षण केंद्रात दोन वर्षं काम करण्यासाठी माझी निवड झाली होती. रात्रीच्या आकाशातून येणाऱ्या प्रकाशाचे वर्णपट मोजायचे. ज्यासाठी मी इतकी वर्षं शिकले, नेमकं तेच काम. "बाबांचं पुस्तक झालं की जाते," असं मी घरी सांगितलं होतं आणि ऑफिसातही. आमच्या प्रयोगशाळेच्या संचालिकाबाईंनी वाट पाहिली, पुन्हा पाहिली, आणि काल फोन करून शांतपणे म्हणाल्या, "पहिल्या तारखेला तिथे रुजू व्हायचंय. उद्या संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही. नाहीतर मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवते."

म्हणून आज सुट्टी टाकून मी बाबांच्या टेबलापाशी बसले होते. हे यंत्र आज दुरुस्त झालं तर पुस्तक पुढे सरकेल, आणि पुस्तक सरकलं तर मी निघू शकेन, असा माझा हिशेब होता.

यंत्राची व्यवस्था दादाने लावली होती. दादा माझा थोरला भाऊ, दूर राहतो, फोनवरून दुरुस्त्या करतो आणि केबल मात्र मला ओढायला लावतो. त्याच्या मते दोष डिस्प्ले सर्व्हरचा होता. पडद्यावर जे जे दिसतं, खिडक्या, अक्षरं, माउसचा बाण, ते सगळं रंगवणारा हा प्रोग्राम. तो कोसळला की उघडलेलं सगळं नाहीसं होतं आणि माणूस पुन्हा पासवर्डच्या चौकटीसमोर येऊन पडतो. कोसळण्यापूर्वी त्याने काय काय केलं हे तो एका फाइलमध्ये लिहून ठेवतो, तिला लॉग म्हणतात. "लॉग वाच, शास्त्रज्ञ," दादा म्हणाला होता. "ज्या ओळीच्या सुरुवातीला कंसात दोन ई दिसतील, ती चूक. दोन डब्ल्यू म्हणजे नुसता इशारा."

लॉग मला पहिल्याच आठवड्यात सापडला होता. दादाने सांगितलेल्या फोल्डरमध्ये होता आणि दोन ईंनी भरलेला होता. मला केवढा आनंद झाला! पडद्याशी संपर्क तुटला, पडदा पुन्हा सापडला, पुन्हा तुटला. मी नवी केबल आणली. बाबांचं परत गेलं. मी प्रयोगशाळेतून रीतसर अर्ज करून एक पडदा उसना आणला. तरी गेलं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, तेव्हा एक दिवस खरोखरच काही दिसेना आणि बाबांनी अतिशय समाधानाने वर्तमानपत्र वाचलं.

आज मी ठरवलं, पहिल्या ओळीपासून वाचायचं. मधली एक ओळ सांगत होती की कोणता पडदा जोडला आहे. त्या पडद्याचं नाव मी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"आई, आपला जुना पडदा कुठे आहे?"

"माळ्यावर. दादा मागच्या वेळी आला होता तेव्हा टाकलाय. का गं?"

माळ्यावर पडलेल्या पडद्याशी यंत्राचा संपर्क तुटत होता, हे अगदी योग्यच होतं. मी फाइलच्या माथ्यावरची तारीख पाहिली. दादाच्या त्या भेटीच्याही आधीची. नमुन्यावरची तारीख आधी वाचा, असं मी विद्यार्थ्यांना इतकं बजावते की ते माझ्यामागे माझी नक्कल करतात. आणि मी स्वतः इतके दिवस एक मेलेली फाइल घासत बसले होते.

दादाला फोन लावला.

"अरे, ही फाइल जुनी आहे! त्यानंतर इथे काही लिहिलंच गेलेलं नाही."

"हां, मग बरोबर. मागच्या वेळी मी सिस्टीम नवी केली ना. आता तो लॉग तिथे जात नाही. ज्याचं खातं, त्याच्याच फोल्डरमध्ये जातो. लपलेला फोल्डर असतो, नावाच्या आधी टिंब असतं बघ."

"आणि हे तू आत्ता सांगतोस?"

"तू विचारलंस कुठे?"

"मी केबल आणली, दादा. ऑफिसातून पडदा आणला. अर्ज करून!"

"अर्जात कारण काय लिहिलंस?" त्याला हसू आवरत नव्हतं. मी फोन ठेवला.

लपलेला फोल्डर उघडला. खरा लॉग तिथे होता, आजच्या तारखेचा, शेजारी त्याच्या आधीचा. आधीचा म्हणजे जो सकाळी 'गेला' तो. मी यंत्राला दोन ई शोधायला सांगितलं. एक ओळ सापडली! मी खुर्ची पुढे ओढली. ती ओळ फाइलच्या सुरुवातीची होती, या खुणांचा अर्थ समजावणारी: दोन डब्ल्यू म्हणजे इशारा, दोन ई म्हणजे चूक. अख्ख्या फाइलमध्ये चूक हा शब्द तेवढ्या एकाच ठिकाणी, चूक कशी ओळखावी हे सांगण्यापुरता होता.

"सापडलं का?" बाबांनी दारातून विचारलं.

"नाही."

"सापडायचं नाही ते. फार गुंतागुंतीचं असतं," असं म्हणून ते बाल्कनीत गेले.

मी सरळ शेवटच्या ओळीवर गेले. तिथे इंग्रजीत लिहिलं होतं की सर्व्हर व्यवस्थित बंद झाला, आता ही फाइल मिटतो आहोत. कोसळणारा प्रोग्राम असं लिहीत नाही. तो वाक्य अर्धवट टाकून जातो, किंवा जाताना आकड्यांचा ढीग ओकतो. हा तर दिवे मालवून, दाराला कडी लावून गेला होता.

एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये. सगळ्या सिस्टीमची मिळून एक मोठी नोंद असते, तीही मी उघडली. बाबांचं जेव्हा जेव्हा 'गेलं' होतं ते दिवस मला पाठ होते, कारण त्या प्रत्येक दिवसामागे माझी एक खरेदी किंवा एक भांडण होतं. प्रत्येक वेळी तेच: आधी वापरकर्त्याने खात्यातून बाहेर पडण्याची विनंती केली, मग सर्व्हर व्यवस्थित बंद झाला.

मी कीबोर्डकडे पाहिलं. स्वच्छ कळा कोणत्या, ते आता नीट वाचलं. घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेला बाबांचा पासवर्ड त्या कळांवर मांडून ठेवलेला होता. बाकी अक्षरांना कित्येक आठवड्यांत कुणी हात लावला नव्हता; मीही माउसवरच काम भागवत आले होते. दीड पान गेलं नव्हतं. दीड पान लिहिलंच गेलं नव्हतं.

"बाबा, जरा इकडे या."

ते आले आणि टेबलापासून थोडे लांबच उभे राहिले.

"हे कोसळत नाहीये. कुणीतरी मेनू उघडून बाहेर पडतंय. दर वेळी."

"असं ते म्हणतं?"

"हो."

"म्हणजे हे सगळं लिहून ठेवतं की काय?"

"अहो, यंत्र आहे ते," आई हात पुसत दारात आली. "तुमच्यासारखं सोयीने विसरत नाही."

"तू मध्ये बोलू नकोस." बाबा पडद्याकडे वाकले. ती शेवटची ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली, विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेतली वाचावी तशी. "कारण लिहिलंय का त्यात?"

"कारण नाही लिहीत."

"मग अपुरी नोंद आहे."

माझा आवाज चढला. "बाबा, मी अर्ज करून पडदा आणलाय! माझ्या वर्षाच्या रजा संपत आल्यात. सातव्या प्रकरणात काही सुचत नसेल तर सुचत नाही म्हणायचं होतं. आपण दोघांनी बसून लिहिलं असतं."

"सुचतंय की. सातवं काय, आठवंही डोक्यात तयार आहे." ते खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल उचलून उगाच घडी घालायला लागले. "पुस्तक झालं की जाणार, हे तूच म्हणाली होतीस ना? मी नव्हतो म्हणालो."

पडद्यावर बाण जागच्या जागी थांबला होता. आईने बाबांच्या हातातून टॉवेल काढून घेतला.

मी त्यांच्यावर रागावले होते, आणि राग ओसरत नव्हता. पण त्यांनी माझंच वाक्य माझ्यासमोर ठेवलं होतं, आणि त्यात खोट काढता येत नव्हती. आकृत्या तर कुठूनही काढता आल्या असत्या. तरी जाण्याला पुस्तकाची अट मीच घातली होती. ती अट होती तोवर मला काही ठरवावं लागत नव्हतं.

"हे बघ," बाबांना तेवढ्यात वाट सापडली. "यंत्र जुनंच झालंय तसं. दादाला विचारून नवीन घेऊ. मग बघ मी कसा लिहितो. दिवाणखान्यात उजेडही बरा आहे, टेबल तिकडे हलवू, तू मला एकदा नीट बसवून दे, आणि मग..."

"बाबा."

"...मग फार तर सहा महिने..."

"बाबा, पुस्तक होवो नाहीतर न होवो, मी पहिल्या तारखेला जातेय."