माझे कापलेले दोन मीटर

मित्रांनो, मी होडी वाहून नेणारा एक जुना ट्रेलर आहे. माझ्या मागच्या टोकाला हात लावलात तर जरा जपून. तिथे मला कापलेलं आहे.

माझा जन्मच मारहाणीत झाला. लोखंड ठोकलं, वाकवलं, जोडलं आणि शेवटी मला वितळलेल्या जस्तात बुडवलं, समुद्राचा गंज चढू नये म्हणून. एवढं सोसल्यावर आता आणखी काय दुखणार, असं मला वाटलं होतं. मी तेव्हा लहान होतो.

कॉर्नवॉलच्या एका लहान बंदरात माझं घर आहे. तिथले लोक सहा वल्ह्यांच्या लांब, निमुळत्या होड्या शर्यतीत पळवतात. माझ्या पाठीवरची होडी लव्हडेबाईंच्या नवऱ्याने बांधली होती. ती त्याची शेवटची होडी. तो गेल्यापासून लव्हडेबाई सुकाणूवर बसत आणि वल्हवणाऱ्यांना ओरडून ओरडून किनाऱ्याला आणत. होडी लांब, म्हणून मीही लांब. चांगला नऊ मीटर.

बाईंचा एक नेम होता. मी लांबचा रस्ता कापून आलो की मला धक्क्यावर उभं करायचं आणि सगळ्यांनी थर्मासमधला चहा घ्यायचा. मग बाई माझ्या चाकाच्या मधोमध तळहात ठेवत. गार लागलं तरच मला पाण्यात उतरवत. याचं कारण साधं आहे. तापलेलं चाक थंड समुद्रात बुडालं की आतली हवा आक्रसते आणि खारं पाणी आत ओढून घेते. ते पाणी ग्रीस नासवतं आणि बेअरिंग आतल्या आत कुजतं. वरून काहीच दिसत नाही.

बाईंचा भाचा जॅगो व्हॅन चालवत असे आणि होडीत एक वल्हंही मारत असे. हात दणकट, स्वभाव उतावळा.

"मावशी, चहा पिऊन शर्यत जिंकलीय का कुणी?" तो म्हणाला. "पाणी उतरतंय बघ."

"उतरतं तसं चढतंही. बस खाली."

बाई कप आणायला शेडमध्ये गेल्या आणि त्याने मला तसंच मागे ढकलत समुद्रात घातलं. माझी चाकं चरचरली. ते कुणाला ऐकू गेलं नाही.

पुढे फ्रान्समधल्या शर्यतीचं बोलावणं आलं. जॅगोने परदेशात गाडी बंद पडली तर मदत मिळावी म्हणून विमा काढला. "गाडी आणि एक ट्रेलर," एवढंच त्याने सांगितलं. मोठ्या बोटीतून समुद्र ओलांडून आम्ही फ्रान्सच्या रॉस्कॉफ बंदरात उतरलो. व्हॅनमध्ये सात माणसं, माझ्या पाठीवर होडी, आणि वारा असा की आर्टिचोक या काटेरी भाजीची शेतं आडवी होत होती.

एका खाडीच्या कडेने उतार होता. तिथे माझं डावं चाक किंचाळलं. बेअरिंगचे तुकडे झाले, आस लाल झाला आणि चाक तुटून शेतात घुसलं. आर्टिचोकची मुंडकी उडवत ते बांधावर आपटलं. मी रस्त्यावर घासत फिरलो. माझा पुढचा दांडा पिळवटला आणि व्हॅनच्या मागच्या दारात शिरला. होडी बांधलेला पट्टा तुटून चाबकासारखा फिरला, त्याने फुटलेल्या दारातून एका वल्हवणाऱ्याचा गाल फाडला. होडी माझ्यावर कलंडून कण्हत राहिली. शेजारून ट्रक जात होते आणि दर ट्रकसरशी ती एकेक वीत घसरत होती.

जॅगोने विमावाल्यांना फोन लावला.

"ट्रेलरची लांबी किती, साहेब?" पलीकडच्या बाईने विचारलं.

"नऊ मीटर."

"आमचा विमा सात मीटरपर्यंतच आहे. तुमची व्हॅन उचलू. ट्रेलरचं तुम्ही बघा."

जॅगोने फोनवर हात ठेवला. "सात सांगू का, मावशी?"

"सांग. मग सात मीटरचा ट्रक आला की उरलेले दोन मीटर तू डोक्यावर घे."

तो चिडून जॅक घेऊन माझ्याखाली शिरला. माती ओली होती. जॅक सरकला आणि मी त्याच्या डाव्या हातावर पडलो. दोन बोटं मोडली. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

थोड्या वेळाने गूल्वेन नावाचा ट्रकवाला आला. त्याने व्हॅनला साखळी लावली आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

"हा माझ्या यादीत नाही, बाई. संध्याकाळी रस्त्याचे लोक येतील आणि यंत्राने ओढून बाजूला टाकतील. होडीसकट."

"लाकडाची आहे ती."

"त्यांच्या यंत्राला ते कळत नाही."

लव्हडेबाई होडीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खाडीकडे बघितलं. भरती चढत होती.

"खांदे द्या," त्या म्हणाल्या. "शर्यतीचं गाव याच खाडीच्या तोंडाशी आहे ना? वल्हवत जाऊ."

सगळ्यांनी मिळून होडी उचलली, गूल्वेननेही खांदा दिला. काट्यांतून, घसरत, शिव्या देत त्यांनी ती पाण्यात नेली. जॅगोचं वल्हं रिकामं होतं. बाईंनी ते उचललं.

"मावशी, तुझं वय काय?"

"तुझ्यापेक्षा एक हात जास्त आहे माझ्याकडे. सुकाणू धर आणि गप्प बस."

निघताना त्या वळल्या. "गूल्वेन, सात मीटरचा ट्रेलर तुझ्या यादीत बसतो ना?"

"बसतो."

"मग याला सात मीटरचा कर. उरलेला तुकडा व्हॅनमध्ये टाक. ते सामान."

गूल्वेन हसला आणि त्याने लोखंड कापायचं यंत्र काढलं. मित्रांनो, मी ठोके सोसले, वितळलेलं जस्त सोसलं. पण ते पातं वेगळं होतं. ठिणग्या गवतावर पडत होत्या आणि मी खाडीकडे बघत होतो. सहा वल्ही एकदम उठत होती, एकदम पडत होती. होडी शाबूत होती. तेवढ्यावर मी ते सोसलं.

शर्यतीत ते शेवटचे आले, असं नंतर कानावर आलं.

आता त्या होडीसाठी दुसरा ट्रेलर आहे. मी मुलांच्या छोट्या होड्या वाहतो. कधी महिनोन् महिने शेडमागे पडून असतो, माझ्यात चिमण्या घरटी करतात. पण मला बाहेर काढलं की जॅगो येतो. वाकड्या बोटांचा हात माझ्या चाकावर ठेवतो आणि मुलांना खाली बसवतो.

"काका, पाणी उतरतंय," मुलं कुरकुरतात.

"उतरू दे. चहा घ्या."

तुम्हीही कुणाला कामाला जुंपाल, तेव्हा आधी त्याच्यावर हात ठेवून बघा. आणि परक्या मुलुखात कुणाच्या मदतीवर विसंबणार असाल, तर आपली खरी लांबी निघण्याआधी सांगा. घाई करू नका. पाणी उतरतं हे खरं, पण ते परत चढतं. माझे दोन मीटर मात्र परत आले नाहीत.