पोट धुतलं, डोकं सुजलं

नांदगाव खंडेश्वरकडून जीप दवाखान्यात आली तेव्हा माणिकबाई उलट्या करत होती, पण शुद्धीवर होती. भादव्याच्या उन्हात कपाशी निंदताना चक्कर येऊन पडली होती. लुगड्यावर पोराचा फुलबाह्यांचा शर्ट, निंदायला जाणाऱ्या सगळ्याच बाया घालतात तसा. आदल्या दिवशी त्याच शर्टात पोरानं, देवमननं, फवारणी केली होती. औषधाचा भपकारा मारत होता.

तेवढं पुरलं. दोन हजार सहाचं साल, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं. वऱ्हाडात कोणी आडवं पडलं की लोक आधी विचारत, कोणतं औषध पेला?

“मी काई नाई पेली वो,” माणिकबाई म्हणाली. “ऊन लागलं मले.”

“सगळे असंच म्हणतात,” डॉक्टर म्हणाले. पोट धुवायला नाकातून नळी घातली.

इफ्फत ही अमरावतीच्या त्या खाजगी दवाखान्यातली अकरा वर्षांपासूनची जुनी नर्स. औषध पिलेली माणसं तिनं ढिगानं पाहिली होती. त्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळेच्या तारा लोंबतात. माणिकबाईच्या बाहुल्या ठीक, ओठ कोरडे. शर्ट काढून बाहेर टाकला तर वासही त्याच्यासोबत गेला.

“सर, वास शर्टाचा होता.”

“सिस्टर, तुम्ही पाणी घाला.”

नळाचं साधं पाणी, बादलीमागून बादली. निम्मं बाहेर यायचं, निम्मं आत मुरायचं. डॉक्टरांचं लक्ष दाराकडे. क्यामेरेवाले घेऊन पुढारी निघाले होते, त्यांना दाखवायला विष पिलेली बाई पाहिजे होती.

तासाभरानं माणिकबाई बरळू लागली. “दाजी, डोकं फुटून राहिलं माहं,” ती देवमनला म्हणाली. पोटच्या पोराला दाजी!

इफ्फतनं हातातली बादली खाली ठेवली. मेंदूत चेतापेशींच्या आजूबाजूला चांदणीसारख्या ग्लिया पेशी असतात, त्यांची उस्तवार करणाऱ्या. रक्तातलं मीठ, म्हणजे सोडियम, उतरलं की पाणी आधी त्या शोषतात आणि फुगतात. हळूहळू उतरलं तर आपल्यातले क्षार बाहेर टाकून अंग पुन्हा आवळून घेतात. पण बादल्यांनी ओतलं तर त्यांना वेळ कुठला? घट्ट झाकणाच्या बरणीत हरभरे भिजत घालावे तसं होतं. कवटी हाडाची, ती काही ताणली जात नाही.

तिनं नळी बंद केली, रक्त काढून तपासणीला पाठवलं.

तेवढ्यात पुढारी आले. अत्तराचा घमघमाट, तोंडात पान. माणिकबाईच्या उशाशी वाकून म्हणाले, “ताई, कावून उचललं हे पाऊल?”

माणिकबाईचे डोळे फिरले. दात करकर वाजले, हातपाय पलंगावर आपटू लागले. क्यामेरा मागे सरायच्या ऐवजी पुढे सरकला. बाईचं लुगडं गुडघ्यावर गेलं, तेही त्यानं टिपलं.

“हटो यहाँ से!” इफ्फतनं क्यामेऱ्याला ढकललं, लुगडं नीट केलं. तपासणीचा फोन वाजला. सोडियम एकशे आठ, पाहिजे एकशे पस्तीसच्या वर.

तिनं तीव्र मिठाच्या सलाइनची बाटली टांगली. “सर, ऑर्डर द्या. मेंदू सुजला आहे. फुगलेल्या पेशींतलं पाणी हेच ओढून काढील.”

डॉक्टरांनी आधी क्यामेऱ्याकडे पाहिलं. माणूस मरत असताना! मग पुटपुटले, “द्या.”

पहिल्या डोसानं झटका सैलावला, दुसऱ्यानं थांबला. संध्याकाळी माणिकबाईनं डोळे उघडले.

“माणिकबाई, हा कोण?” इफ्फतनं देवमनकडे बोट केलं.

“माहा पोरगा... डाक्टरले सांगा, आता पानी नोको पाजू म्हना.”

देवमन हसता हसता रडायला लागला.

तेव्हाच डॉक्टरांचा केसपेपर आला. ‘विषप्राशन. पोट धुतल्याने प्राण वाचले.’ इफ्फतनं देवमनला तो मोठ्यानं वाचून दाखवला.

“म्हंजे आता पोलीस मायले जीव द्याच्या गुन्ह्यात धरतीन का, बाई?”

इफ्फतनं पेन काढला आणि खाली लिहिलं: ‘विषाची लक्षणे नव्हती. साधे पाणी सोळा लिटर घातले. सोडियम १०८. झटका.’ खाली सही केली.

“सिस्टर, उद्यापासून येऊ नका,” डॉक्टर दारातून म्हणाले.

“उद्याचं उद्या. हिचं सोडियम दर चार तासांनी पाहावं लागतं, आणि ते तुम्ही पाहणार नाही.”

तिनं माणिकबाईच्या दंडाला रबरी पट्टी बांधली आणि शीर चाचपू लागली.