इसरूची जागा

“समजा, आता मी सरकार आणि तुम्ही ग्रामसभा. बोला, काय पाहिजे तुम्हाले?”

खैरूनबाईंनी खुर्ची भिंतीला सारली. बाई चिमूरच्या. धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या या शाळेत नागरिकशास्त्र शिकवता शिकवता त्यांचे केस पांढरे झाले होते, तरी ‘शासनाची भूमिका’ हा धडा पुस्तकातून वाचून दाखवायचा त्यांना मनस्वी कंटाळा. म्हणून आज दहावीची पोरं सतरंजीवर गोल करून बसली होती.

“पूल पायजे,” चंदन म्हणाला. “सरकारनं नाल्यात नुसते खांब उभे करून ठेवले. त्याच्यावर का बगळे बसवाचे?”

पोरं खदखदून हसली. बाईही हसल्या.

“करा मग हात वर. मंजूर का?”

“आमच्या गावात हात नाई वर करत, बाई. एकेकाले इचारा लागते. एक जन बी रायला, तं ठराव होत नाई.”

“मग विचारा की रे! सरकारला दुसरे धंदे नाहीत का?” असं म्हणत बाईंनी गोलात रिकामी जागा दिसली तिथे फतकल मारली. गुडघे दुखत होते बिचारीचे.

पोरं एकदम ताठ बसली. खिडकीबाहेरच्या मोहावर पाखरांचा कलकलाट चालला होता, तो थांबला.

“बाई, थे इसरूची जागा आहे,” शेजारची बुधरी हळूच म्हणाली.

इसरू हा बुधरीचा जुळा भाऊ. गेल्या पावसाळ्यात शाळेला येताना त्याच नाल्यात वाहून गेला. त्याच्या नावाचा दगड गावाबाहेर अजून उभा झाला नव्हता. दगड उभा होईपर्यंत माणूस गावातच असतो, सभेत त्याची जागा राखायची, असा तिथला रिवाज. बाई ओशाळून उठायला लागल्या.

“नका उठू! बसलं तं त्याच्याकडून बोला लागते.”

हसावं की रागवावं, बाईंना कळेना. पण ही पोर भाऊ गेल्यापासून कोणाशी धड बोलली नव्हती. बाई बसून राहिल्या.

बुधरीने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. “इसरू, मी आधी पार झाली. इकडून तुले हाका मारल्या. मी बलावलं म्हून उतरला का तू पान्यात?”

अगं बाई गं! एवढं ओझं उरावर घेऊन फिरत होती ही? त्यांनी सरळ खोटं बोलायचं ठरवलं. नाही गं, तुझा काही दोष नाही, एवढं म्हणायला आपलं काय जातं?

त्यांनी तोंड उघडलं आणि खालची सतरंजी ओलीगार लागली. घोट्यांना, मग गुडघ्यांना, मग कमरेला गारठा चढत गेला. तोंडातून आवाज आला तो नुकत्या फुटलेल्या कंठाचा, पोराचा. इतकी वर्षं इथे राहून जी गोंडी बाईंना कधी जमली नाही, ती घडाघडा वाहत होती आणि काही केल्या आवरत नव्हती. या अल्लाह! त्या सगळ्या बोलण्यात त्यांना कळला असा एकच शब्द होता, पेपर.

मग आवाज थांबला. बाईंनी सतरंजी चाचपून पाहिली. कोरडी ठणठणीत.

बुधरी हुंदके देऊन रडत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळी रडत होती.

“मंजूर,” चंदन खालच्या आवाजात म्हणाला. “इसरू म्हनला थे सगळ्याइले मंजूर.”

“काय म्हटलं गं मी?” बाईंनी विचारलं.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. बुधरीने डोळे पुसले, बाईंचा हात हातात घेतला.

“काई नाई, बाई. पानी गजब थंड होतं म्हने.”

“आणखी?”

“बस. येवढंच.”

इसरू गेला त्या सकाळी शाळेत चाचणी होती, नागरिकशास्त्राची. पेपर बाईंनीच काढला होता.

बुधरी त्यांचा हात सोडत नव्हती. बाईंनी तिला पुन्हा विचारलं नाही.