दारात न मावणारी म्हैस

चूक चित्रकार बाईंचीच होती, आणि भलतीच जाडजूड होती.

पुस्तक होतं अंतराळात जायची स्वप्नं बघणाऱ्या म्हशीचं. गोष्ट बाईंच्या दादाची, चित्रं बाईंची. पहिला फर्मा, म्हणजे सोळा पानं, छापून वाळत पडला होता. त्यात सातव्या पानावर रॉकेटचं दार होतं, छोटंसं, गोल, निळं. आता छापखान्यातच उड्डाणाचं शेवटचं चित्र काढायला बसल्यावर बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला, की या दारातून म्हशीची शिंगं गेली तरी पोट काही जाणार नाही! दार काढताना माप घेतलं होतं स्वतःचं, आणि बाई म्हणजे नुसती काडी.

"त्यात काय एवढं," दादा म्हणाला. "चार ओळी वाढवतो. म्हैस चारा सोडते, पळायला जाते, बारीक होते. झालं!"

"अजिबात नाही!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की ब्रशमधलं निळं पाणी दादाच्या शर्टावर उडालं.

ओरडणारच हो! कोपऱ्यातल्या कागदाच्या गठ्ठ्यावर त्यांची सहा वर्षांची लेक बसली होती, गब्दू. अगदी गुबगुबीत. परवा शाळेतल्या पोरांनी तिला झोपाळ्यावर बसू दिलं नव्हतं, तुटेल म्हणून. तेव्हापासून पोरगी जेवायला बसली की दोन घासांत उठत होती, आणि बाईंचं काळीज तुटत होतं. त्यात आता म्हशीनेही बारीक व्हायचं? कपाळ!

"मशीन थांबलंय हो," छपाईवाले काका म्हणाले. काका कपाटाएवढे रुंद. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कागद पलीकडच्या खोलीत सरकवायच्या खिडकीकडे पाहिलं. मग पुन्हा काकांकडे.

"काका, जरा त्या खिडकीतून पलीकडे जाऊन दाखवता?"

"तीस वर्षं छपाई केली, म्हैस व्हायची पाळी आज आली," काका म्हणाले. पण गडी हौशी! हात घातले, डोकं घातलं, खांदे घातले, आणि पोटाशी गाडी अडली. ना पुढे ना मागे. दादा मागून ढकलतोय, बाई एका हाताने ढकलतायत आणि दुसऱ्याने भराभरा रेघा ओढतायत, पलीकडून काका ओरडतायत, "अहो, गुदगुल्या नका करू!" हसून हसून दादाने तर जमिनीवर बसकणच मारली.

"सापडलं!" बाई किंचाळल्या. "अश्शीच पाठवायची तिला!"

काकांना ओढून काढलं आणि चित्र पुरं झालं. म्हैस अर्धी आत, अर्धी बाहेर. पुढचे पाय हँडलवर, मागचे ताऱ्यांत, शेपटीने चंद्रावरची धूळ झटकतेय. रॉकेट एका बाजूला कललेलं, पण सुसाट.

गब्दू नाक कागदाला टेकेपर्यंत वाकली.

"ही बारीक नाही झाली?"

"नाही."

"तरी गेली?"

"गेली की! बघ ना."

गब्दूने पुन्हा एकदा शिंगांपासून शेपटीपर्यंत नीट बघून घेतलं.

"आई, डबा कुठंय? भूक लागलीये."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काकांनी मशीन सुरू करायला हात पुढे केला होता, तो मागे घेतला. पोरगी डबा चाटूनपुसून संपवेपर्यंत अख्खा छापखाना तिच्याकडे बघत उभा राहिला.