बटणावरचा लाल दिवा

वेणीमाधवगुरुजींच्या तोंडून यजमानाला कधी वाकडा शब्द गेला नाही, अशी पंचवटीत त्यांची ख्याती होती. यजमान उशिरा येवो, संकल्पात स्वतःच्या आजोबांचं नाव विसरो, मध्येच फोनवर बोलो, गुरुजी हसून पळीभर पाणी सोडणार. आणि घरी आल्यावर भात कालवता कालवता बायकोपाशी, सुधाताईंपाशी, सगळं ओकणार. त्यांचा मुलगा शौनक हे ऐकतच मोठा झाला.

पुढे पूजा लॅपटॉपवर आल्या. घर आणि यजमान एकाच खोलीत. मग ओकायचं कुठे? लॅपटॉप जुना, शौनकनं त्यावर फुकटातली सिस्टिम चढवलेली. सगळं चालायचं, फक्त माईक बंद करायचं बटण मुकं होतं. बटण एक भाषा बोलतं, सिस्टिमला दुसरीच कळते, आणि मधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. तो कंपनीनं या सिस्टिमसाठी कधी लिहिलाच नव्हता. शौनकनं तो स्वतः लिहिला. बटण दाबलं की माईक बंद आणि लाल दिवा चालू, पुन्हा दाबलं की उलट. भिक्षुकी सोडून नोकरीत गेलेला मुलगा बापाच्या कामी आला, याचा त्याला कोण आनंद झाला.

आणि घात तिथंच झाला म्हणा ना. जन्मभर जेवणाच्या पानापर्यंत दम धरणारा माणूस आता दोन मंत्रांच्या मध्ये बटण दाबून बोलायला लागला. सवय लागायला वेळ लागतो थोडाच!

सोवळ्यात गुरुजी लॅपटॉपला हात लावत नसत. पळसाची समिधा घ्यायची आणि तिच्या टोकानं बटण टोचायचं. एके दिवशी त्यांनी तक्रार केली.

"शौनक, दिवा लुकलुकतो रे. लागतो न लागतो तोच विझतो."

"काडीनं टोचलं की बटण दोनदा लागतं, बाबा. बोटानं दाबा."

"सोवळ्यात?"

झालं. शौनकची मीटिंग सुरू व्हायची होती, वर या सोवळ्याचा त्याला मनस्वी कंटाळा. पाठोपाठ आलेला दुसरा इशारा दिव्यानं ऐकायचाच नाही, एवढं त्यानं घाईघाईत लिहून टाकलं. दिवा शांत झाला. माईकला मात्र दोन्ही इशारे जातच राहिले, पहिल्यानं बंद आणि दुसऱ्यानं परत चालू. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

त्यानंतरचं पहिलंच काम मंगलाबाईंच्या वर्षश्राद्धाचं आलं. मंगलाबाई म्हणजे घरच्यासारख्या यजमान. शेवटची वर्षं त्या देवळाली कॅम्पकडच्या एका वृद्धाश्रमात होत्या. सुधाताई डबा घेऊन जायच्या, गुरुजी सोबत असायचे. मुलगा आल्हाद अमेरिकेत. आई गेली तेव्हाही तो आला नव्हता. आता पडद्यावर उपरणं घेऊन बसला होता, आणि शौनक लॅपटॉपमागे वायर सांभाळत होता.

सुधाताई पिंडाचा भात घेऊन आल्या. गुरुजींनी आल्हादला डोळे मिटून आईला आठवायला सांगितलं, समिधेनं बटण टोचलं, लाल दिवा लागलेला पाहिला आणि बायकोकडे वळले.

"बघ कसा हात जोडून बसलाय. ती जिवंत असताना फोन करायला याला सवड नव्हती. शेवटी शेवटी नर्स आली तरी विचारायची बिचारी, आल्हाद आला का म्हणून. आता कावळ्याच्या हाती निरोप पाठवतोय."

सुधाताईंनी मान हलवली. तेवढ्यात लॅपटॉपमधून आवाज आला.

"गुरुजी, आई खरंच असं विचारायची?"

काय झालं ते शौनकला तत्क्षणी कळलं. गुरुजी मात्र दिव्याकडेच बघत राहिले. दिवा लालच होता. सारवासारव करता आली असती. पण हातात श्राद्धाचे तीळ होते, खोटं बोलवेना.

"हो," गुरुजी म्हणाले.

आल्हादनं डोळे पुसले नाहीत, आवाजही चढवला नाही. "पुढचं सांगा," म्हणाला. सगळं यथासांग झालं. शेवटी त्यानं नमस्कार केला आणि पडदा काळा झाला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. नाशिकातल्या त्याच्या मावशीनंही दुसरे गुरुजी धरले.

त्या दुपारी गुरुजी पाटावरून उठेनात. "माझाच हात चुकला असेल," ते सुधाताईंना म्हणत होते. "वय झालं. एवढ्या वर्षांत कधी कुणाचं मन दुखवलं नव्हतं गं मी."

गप्प राहिला असता तर शौनकचं काही बिघडणार नव्हतं. पण त्याला ते ऐकवेना.

"तुमचा हात नाही चुकला, बाबा. दिवा लुकलुकत होता तोच खरा होता. माईक बंद होऊन परत चालू होत होता. मी फक्त दिवा गप्प केला."

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मी नीट पाहिलंच नाही. आणि काडीनं दोनदा लागतं म्हणजे काय, ते तुम्हाला समजावत बसायचा कंटाळा आला. वाटलं, तुम्हाला काय कळणार."

"नसतंच कळलं," गुरुजी म्हणाले. "पण भरवसा नाही एवढं कळलं असतं. मी गप्प बसलो असतो."

शौनकनं ड्रायव्हर दुरुस्त केला आणि इंटरनेटवर ठेवला. तसलाच लॅपटॉप असलेल्या देशोदेशींच्या लोकांनी तो उतरवून घेतला आणि त्याचे आभार मानले. आता समिधेनं कसंही टोचा, दिवा आणि माईक एकमेकांना सोडत नाहीत. शौनकनं वडिलांना ते दोनदा करून दाखवलं.

गुरुजींनी मान डोलावली. बटणाला त्यांनी पुन्हा समिधा लावली नाही. पूजा तेवढी सांगतात, तीही कमीच येते. आणि घरी पान मांडलं की मुकाट्यानं भात कालवून जेवतात. सुधाताई विचारतात, "आज यजमान कसे होते हो?" ते म्हणतात, "चांगले होते." शौनक समोरच बसलेला असतो.