डोंगराचे रंग उतरवले तेव्हा

थेट उत्तरेकडच्या लॅपलंडात शरद ऋतू आला की मूस या थोरल्या सांबरासारख्या प्राण्याची शिकार सुरू होते, आणि शिकाऱ्याची गोळी चुकून आपल्याला लागू नये म्हणून रानात जाणारा प्रत्येक जण डोक्यावर लाल टोपी चढवतो. म्हातारे ताउनोही काल सकाळी टोपी घालूनच बेरी वेचायला गेले, ते परतलेच नाहीत. पण पानं पिकून अख्खा डोंगरच लालभडक झालाय, हे काही त्यांनी लक्षात घेतलं नाही. गोळीपासून वाचवणाऱ्या टोपीनं त्यांना सगळ्यांच्याच नजरेआड केलं.

रात्री डबक्यांतलं पाणी गोठलं होतं. बाबा अशी आणखी एक रात्र काढणार नाहीत, हे त्यांच्या लेकीला, आइलाला, कुणी सांगायची गरज नव्हती. शोधपथकानं ड्रोननं डोंगराचे ढीगभर फोटो काढले होते. अग्निशमन केंद्रातल्या पडद्यावर ती आणि पथकाचा म्होरक्या रेइयो ते डोळ्यांत तेल घालून पाहत होते. लाल, लाल आणि नुसतं लाल. एवढ्या देखण्या डोंगराचा आइलाला मनापासून संताप आला.

"थांब, मी यातले रंगच काढते," ती म्हणाली.

"अगं बाई, इथं जीव टांगणीला लागलाय आणि तुला तुझे काळेपांढरे फोटो सुचतायत?" रेइयो वैतागला. या नादापायी गावात तिची कायमच थट्टा व्हायची.

"तू जरा गप बस."

पहिल्या खेपेला सगळंच एकसारखं राखाडी झालं. रेइयोनं सुस्कारा सोडला. मग तिनं पडद्यावरची लाल आणि हिरवा रंग कमी-जास्त करायची पट्टी पार खाली ओढली आणि फक्त निळ्याची वर नेली. पिकल्या पानांत निळा औषधालाही नसतो. बाबांची टोपी मात्र वर्षानुवर्षं उन्हात विटून गुलाबी पडलेली. तिच्यात थोडा निळा असणार.

डोंगर विझला. पेटलेली ती सगळी उतरण काळीकुट्ट झाली, आणि तिच्यात दगडांचे फिकट ठिपके तेवढे उरले.

"ओढ्याकाठी बघ," आइला म्हणाली.

"दगडच आहे तो."

"आणि हा ड्रोन परत येतानाचा फोटो. दगड असा सरकतो होय रे?"

रेइयो पडद्याला नाक लावून पाहतच राहिला. एवढ्या थोरल्या अंधारात एक ठिपका सरपटत होता आणि तो तिचा बाप होता.

रेइयोनं वायरलेसवर ओरडूनच जागा सांगितली. बऱ्याच वेळानं डोंगरावरच्या पथकाचं उत्तर आलं, "सापडले! पाय मोडलाय, पण शिव्या झकास देतायत."

आइला हसली, रडली, आणि सहज म्हणून तिनं फोटोतले रंग परत आणले. डोंगर पुन्हा पेटला. कुठं बघायचं हे ठाऊक असूनही बाबा तिला दिसेनात. ते जिवंत असल्याचं आत्ताच कानांनी ऐकलं होतं, तरी तिनं घाईघाईनं रंग पुन्हा काढून टाकले.